आमची वाटचाल : चार वायरी आणि मामाचं दुकान

शेततळं भरलं की मोटार आपोआप बंद करणाऱ्या पेट्या बनवायचा आमचा धंदा. त्याची सुरुवात मामाच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, वार्निशच्या वासात झाली. सांगलीत मारुती चौकाजवळ दहा बाय बाराचा गाळा. एका कडेला भट्टी, दुसरीकडे तांब्याच्या तारेची रिळं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते. मामा म्हणाला, "बसायचंच हाय तर हितं येऊन बस."

दुकानात येणारं गिऱ्हाईक बहुतेक तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार. त्यांची तक्रार ठरलेली. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं की शेततळं भरून घ्यायचं, आणि शेतीची लाईट रात्रीची. तळं भरलं की नाही ते बघायला दोन वाजता बॅटरी घेऊन कोण जाणार? नाही गेलं तर पाणी बांधावरून वाहतं. या एका प्रश्नावर मी 2018 साली एक अर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड, आणि प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणारा वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर मागवला.

सेन्सरला चार वायरी : तांबडी, काळी, पिवळी, पांढरी. टीएक्स म्हणजे बोलायची वायर, आरएक्स ऐकायची. पहिल्या दिवशी टीएक्सला टीएक्स जोडलं, नावं सारखी म्हणून. स्क्रीन कोरी. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागलं पाहिजे, टीएक्स आरएक्सला, हे डिप्लोम्याच्या परीक्षेत मी लिहून आले होते. हाताला ते संध्याकाळी कळलं. मग प्रोग्रॅम बोर्डात जाईना. उनोवर खरा सिरियल पोर्ट, म्हणजे आकडे एकामागून एक पाठवायची-घ्यायची वाट, एकच, 0 आणि 1 नंबरच्या पिनांवर, आणि यूएसबीचं बोलणंही त्याच वाटेनं चालतं. सेन्सर तिथून काढून सॉफ्टवेअर सिरियलनं, म्हणजे प्रोग्रॅमनं बनवलेल्या नकली पोर्टनं, 10 आणि 11 वर घेतला. आता आकडे आले, पण कचरा. बॉड रेट, म्हणजे बोलण्याचा वेग, 9600 बरोबर होता. दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी मामा हात पुसत आला, सेन्सरचा वेगळा अडॅप्टर बघितला आणि म्हणाला, "अगं, ह्याची लाईट येगळी, त्याची येगळी. दोघांचा न्यूट्रल एक केलाईस काय?"

नव्हता केला. काळी वायर बोर्डाच्या ग्राउंडला जोडली आणि आकडे सरळ झाले. मामानं तेवढ्यावर महिनाभर चहा उकळला.

हा सेन्सर दर वेळी चार आकडे पाठवतो. पहिला कायम 255, म्हणजे 'ऐक, आता सांगतोय'. पुढचे दोन अंतराचे. समजा 4 आणि 176 आले, तर 4 गुणिले 256 अधिक 176, म्हणजे 1200 मिलिमीटर. चौथा आकडा पडताळणीचा : आधीचे तिन्ही मिळवायचे आणि 256 च्या पटी काढून टाकून उरेल तो. 255, 4 आणि 176 ची बेरीज 435, उरले 179. हा चौथा आकडा मी तपासतच नव्हते. टेबलावर सगळं बरोबर येत होतं, मग कशाला?

पहिली पेटी सावळजच्या एका बागायतदारांकडे बसवली. आम्ही त्यांना आण्णाच म्हणतो. तळ्याचे काठ तिरके आणि त्यावर प्लास्टिकचा कागद, म्हणून लांब पाइपाचा हात काढून सेन्सर पार आत नेला, नाहीतर काठाचाच प्रतिध्वनी येतो. पाणी सेन्सरपासून 800 मिलिमीटरच्या आत आलं की मोटार बंद, आणि मध्येमध्ये एसएमएस. आण्णा खूश. चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन.

"ताई, तुमची पेटी खोटं बोलतीया. तळं भरलं म्हणून मोटार बंद केलीया, आन् हितं हातभर तळं रिकामं हाय. रात्रीची लाईट गेली की वाया."

मी बसनं गेले. पट्टी लावून मोजलं : पाणी सेन्सरपासून 1279 मिलिमीटर खाली. पेटीच्या डिस्प्लेवर 767. लॅपटॉप लावून कच्चे आकडे काढले आणि बांधावरच मटकन बसले. 1279 म्हणजे 4 आणि 255. सेन्सर पाठवत होता 255, 4, 255, 2. त्यात 255 दोनदा! उनोवर एका वेळी एकाच सॉफ्टवेअर सिरियलचं ऐकता येतं. एसएमएस पाठवताना बोर्डाचा कान मोबाईल मॉड्यूलकडे, तेवढा वेळ सेन्सरच्या बाजूनं बहिरा. परत आला तो वाक्याच्या मध्येच, आणि समोर आलेलं दुसरं 255 त्यानं सुरुवात धरलं. मग 255, 2, 255, 4 असं वाचलं. 2 गुणिले 256 अधिक 255, म्हणजे 767. आठशेच्या आत, म्हणून मोटार बंद. चौथा आकडा तपासला असता तर तिथंच पकडलं असतं. त्या तिघांच्या बेरजेतून उरतो 0, आणि हातात होते 4.

ही जागा दर 256 मिलिमीटरनं येते. माझ्या टेबलावर नेमकी ती कधी आली नव्हती. दुरुस्ती आठ ओळींची : पडताळणी चुकली तर एक आकडा सोडून पुन्हा सुरुवात शोधायची, आणि एका वाचनावर मोटारीला हात लावायचा नाही, पाचांतलं मधलं धरायचं. आण्णांना खरं काय ते सांगितलं, पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, पण पुढचं अख्खं आवर्तन रोज सकाळी पट्टी लावून आकडा मला फोनवर सांगितला. इतकी कडक तपासणी मी पैसे देऊनही करून घेऊ शकले नसते.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. दुकानात पाणी शिरलं, माझं टेबल, दोन बोर्डं आणि भट्टी गेली. पूर ओसरल्यावर मात्र नदीकाठच्या गावांतून गाळ भरलेल्या मोटारींची रीघ लागली. मामा आणि मी कित्येक दिवस रात्री बारापर्यंत वाइंडिंग भरत होतो. त्या पैशांतून आमचा पहिला छापील सर्किट बोर्ड निघाला आणि कुपवाडला शेड भाड्यानं घेतली. पुरानं दिलेलं भांडवल म्हणायला जीभ रेटत नाही, पण हिशेबाच्या वहीत तसंच आहे.

पुढचं भराभर सांगते. उनो सोडून ईएसपी-32 या दुसऱ्या बोर्डावर आलो, त्यात खरे सिरियल पोर्ट तीन. तो 3.3 व्होल्टचा, हे विसरून 5 व्होल्टचा सिग्नल सरळ दिला आणि दोन बोर्डं घालवली. आता मध्ये दोन रेझिस्टर असतात. स्टार्टर तळ्यापासून लांब असला की साधी सिरियल वायर तग धरत नाही. तिथं आरएस-485, म्हणजे सिग्नल लांब नेण्याची पद्धत, आणि पिळाची जोडवायर, दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर. कॉन्टॅक्टर, म्हणजे स्टार्टरमधलं मोटार चालू-बंद करणारं स्विच, पडताना येणारा विजेचा झटका मात्र मामानं बंद केला. कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी टाकली आणि म्हणाला, "हे तुझ्या कॉम्प्युटरात दिसत न्हाई."

आज आम्ही सहा जण आहोत. कुपवाडच्या शेडमध्ये फरशीवर भिंतीपासून मोजून तांबड्या ऑइलपेंटची एक रेघ आहे. प्रत्येक पेटी बाहेर पडण्याआधी सेन्सर त्या रेघेवर, भिंतीकडे तोंड करून, रात्रभर चालू ठेवतो आणि दर मिनिटाला एक एसएमएस पाठवायला लावतो. नवीन आलेली पोरं विचारतात, रेघ सरळ एक मीटरवर का नाही, 1279 वर का? मामा वाइंडिंग करता करता मान वर न करता म्हणतो, "आण्णांच्या तळ्यावर जाऊन इचारा."