आडत सावद्यात, हिशोबनीस जळगावात

केळीची कापणी जोरात असली की सावदा-रावेरकडच्या आडतीतून शेवटचा ट्रक निघायला रात्र होते. बिलं फाडणारा पोरगा तिथेच असतो, पण टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) जुळवणारा हिशोबनीस जळगावला घरी पोचलेला असतो. मग घरूनच आडतीतला कॉम्प्युटर चालवता यावा म्हणून कुणीतरी एनीडेस्क हे अ‍ॅप टाकून देतं. ते चालतं छान, आणि ऐन महिनाअखेरीला ‘व्यावसायिक वापर’ असा मेसेज दाखवून तुटतं. त्याची फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरतीच आहे; टीमव्ह्यूअरचंही तेच. रोज धंद्यासाठी वापरायचं तर परवाना विकत घ्या, नाहीतर विंडोजमध्ये आधीच असलेला रिमोट डेस्कटॉप नीट बसवा. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

आधी एवढं ठरवा: हिशोबनीस बाहेरून आत येईल तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर कुणी बसलेलं असेल का? कारण साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. हिशोबनीस आत आला की काउंटरवरचा स्क्रीन लॉक होतो. काउंटरवाल्याने पासवर्ड टाकला की हिशोबनीस बाहेर फेकला जातो. हे बंधन तोडणाऱ्या पॅच फायली नेटवर मिळतात. त्या परवान्यात बसत नाहीत, आणि विंडोजचं अपडेट आलं की बंद पडतात. त्या नादी लागू नका.

काम फक्त रात्रीचं असेल तर आहे तोच कॉम्प्युटर पुरतो, मात्र त्यात विंडोज प्रो हवं. होम आवृत्तीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाता येतं, पण तिच्यात कुणाला येता येत नाही. दिवसा दोघांनी सोबत काम करायचं असेल तर एक जुना मिनी पीसी घ्या. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा थिंकसेंटर टायनी नव्या डेस्कटॉपपेक्षा बरेच स्वस्त पडतात. आठव्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, बस. इंटेलच्या आठव्या पिढीखालचा स्वस्त मिळाला तरी नको: विंडोज ११ त्याच्यावर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज प्रोचा परवाना त्याच्यासोबत आहे ना, ते पैसे देण्याआधी बघा. टॅलीचा डेटा या मिनी पीसीवर ठेवा आणि काउंटरवरून लॅनने, म्हणजे आडतीतल्या आतल्या नेटवर्कने, उघडा. दोन ठिकाणी एकाच वेळी टॅली चालवायची तर सिल्व्हर परवाना चालत नाही, गोल्ड लागतो. हा खर्च आधीच धरा, नंतर तोंड वाकडं होतं.

शेठला फक्त येणं बाकी आणि स्टॉक बघायचा असेल तर एवढा खटाटोप नको. टॅलीप्राइमचे रिपोर्ट ब्राउझरमध्ये दिसतात. त्यासाठी टीएसएस, म्हणजे टॅलीची वर्गणी, चालू हवं.

एक चूक मात्र भल्याभल्यांकडून होते. हिशोबनीसाच्या लॅपटॉपवर टॅली टाकायची आणि व्हीपीएनमधून (इंटरनेटवरून दोन ठिकाणं जोडणाऱ्या खाजगी वाटेने) आडतीतलं डेटा फोल्डर उघडायचं. टॅली फायलीतून बारीक बारीक तुकडे सतत वाचते आणि लिहिते. लॅनवर प्रत्येक फेरीला एक मिलिसेकंदही लागत नाही, इंटरनेटवर त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून एक लेजर उघडायला चहा पिऊन होतो. लिहिता लिहिता लाइन तुटली तर डेटा बिघडतो तो वेगळाच. टॅली आडतीतच चालू द्या. जळगावला फक्त तिचा स्क्रीन दिसू द्या.

आता आत शिरायची वाट. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशानेही सुरू होत असेल तर तुमचा पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून काही उपयोग नाही. खरं तर बरंच आहे. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे गल्ला उघडा टाकून जेवायला जाणं. पोर्टचा नंबर बदलूनही लपत नाही, कारण शोधणारे प्रोग्रॅम सगळे नंबर चाळतात. २०१९ मध्ये सापडलेल्या ब्लूकीप या भोकातून तर जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं.

त्याऐवजी दोन्हीकडे टेलस्केल हे व्हीपीएनचं अ‍ॅप टाका आणि एकाच खात्याने लॉगिन करा. दोन्ही मशीनना १०० ने सुरू होणारे पत्ते मिळतात, वाटलेल्या आयपीमागेही ते एकमेकांना सापडतात, आणि रिमोट डेस्कटॉप त्याच पत्त्यावर लावायचा. दोन खुणा हमखास राहून जातात. आडतीतल्या मशीनवर ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर कुणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल उठत नाही. दुसरी, अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते, म्हणजे सहा महिने सुरळीत चाललेलं एके दिवशी अचानक मुकं होतं आणि सगळे राउटरला शिव्या देतात. यातही फुकट प्लॅन वैयक्तिक वापराचा आहे, तेव्हा धंद्याच्या प्लॅनचा भाव बघून घ्या. हात चालत असेल तर १ जीबी रॅमच्या छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड हे स्वतःचं व्हीपीएन बसवा. मग आडतीतल्या मशीनवर ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायचं, नाहीतर आडतीकडची वाट आपोआप बुजते.

हिशोबनीसाचं खातं वेगळं काढा, अ‍ॅडमिन हक्क न देता ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ या गटात घाला. पासवर्ड लांब हवा. रिकामा पासवर्ड विंडोज बाहेरून स्वीकारत नाही, आणि काउंटरवर टाकतो तो चार आकडी पिनही इथे चालत नाही. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा या पिनमुळेच असते.

डिजिटल सहीच्या टोकनने (यूएसबीला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीने) अजून एक गंमत होते. टोकन आडतीतल्या कॉम्प्युटरला लावलेलं असताना रिमोट डेस्कटॉपमधून ते दिसतच नाही, कारण विंडोज त्या वेळी तुमच्या हातातल्या लॅपटॉपचं टोकन शोधतं. म्हणून टोकन लॅपटॉपला लावा आणि कनेक्शनच्या ‘लोकल रिसोर्सेस’मध्ये स्मार्ट कार्डवर खूण करा. टोकन आडतीतच राहणार असेल तर त्या कामापुरतं क्रोम रिमोट डेस्कटॉप वापरा, तो आडतीतल्या कॉम्प्युटरचा समोरचा स्क्रीनच दाखवतो. मिनी पीसीला मॉनिटर नसेल तर तिथे चित्र बारकं येतं; मॉनिटर जोडलाय असं भासवणारा एचडीएमआयचा डमी प्लग लावला की सुटतं. प्रिंटरच्या भानगडीत पडू नका. पीडीएफ काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका.

आणि लाइट. आपल्याकडे रिमोट बंद पडतो तो बहुतेक लाइटमुळे, सॉफ्टवेअरमुळे नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ हे ‘पॉवर ऑन’ करा, म्हणजे लाइट आली की मशीन स्वतःहून उठेल. स्लीप आणि हायबरनेट बंद. मशीन यूपीएसवर असूनही राउटर भिंतीतल्या पिनवर असतो, तेव्हा राउटर आणि फायबरचा डबा दोघांना छोटा डीसी यूपीएस द्या. अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळे १२ व्होल्टचे नसतात. यूपीएस पत्र्याखाली ठेवू नका. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लेड अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मं होतं. जिनिंगमध्ये हे बसवणार असाल तर पंख्यात रुई अडकते; हंगामात दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा.

चाचणी आडतीच्या वायफायवरून घेऊ नका, तिथून सगळंच चालतं. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप जोडा, मेन स्विच पाडायला सांगा, यूपीएस पुरता संपू द्या, मग लाइट चालू करून पाच मिनिटांनी कुणालाही काउंटरला हात न लावू देता आत शिरून बघा.