उजव्या कोपऱ्यातला डाग

पहिल्यांदा दिसला तेव्हा मला तो ढगाचा तुकडा वाटला. समुद्रकिनाऱ्यावर सकाळी काढलेले फोटो होते. आकाश स्वच्छ, आणि वर उजवीकडे एक करडा, गोलसर ठिपका. पुढच्या फोटोत तो तिथेच होता, त्याच्या पुढच्यातही. मी बाणाचं बटण दाबून धरलं आणि चाळीसेक फोटो भराभर पुढे नेले. लाटा, माणसं, खडक, होड्या सगळं बदलत गेलं. ठिपका तेवढा खिडकीच्या काचेवर बसलेल्या माशीसारखा जागचा हलेना.

"संगणकावर पुसून टाक की, एवढ्याशा डागाचं काय?" असं घरचे म्हणाले. काही महिने मी तेच केलं. झाडं, गर्दी, दगडी भिंत असल्या फोटोंत तो डाग दिसतही नाही, तपशिलात लपून जातो. पण मला आकाशाचे, पाण्याचे, धुक्याचे फोटो आवडतात, आणि अशा मोकळ्या जागेत नजर आधी तिकडेच जाते. शिवाय कारण माहीत नसलेला डाग मला स्वस्थ बसू देईना. आज एक आहे, उद्या तीन झाले तर?

साहजिकच सुरुवात लेन्सच्या पुढच्या काचेपासून केली. मऊ कापडाने पुसली, ब्रशने झटकली, पुन्हा पुसली. काही फरक नाही. मग एक प्रयोग केला, आणि तो प्रत्येकाने एकदा करून पाहावा असा आहे. लेन्सवर लावलेल्या साध्या फिल्टरच्या काचेवर टाचणीच्या डोक्याएवढा काळा कागद चिकटवला आणि फोटो काढला. फोटोत कागदाचा मागमूस नव्हता. पुढच्या काचेवरची वस्तू फोकसच्या इतकी बाहेर असते की तिची सावली सगळ्या फोटोभर विरून जाते. तिथे खूप धूळ किंवा बोटांचे ठसे असले तर फोटो फिका पडतो, समोरून ऊन आलं की धुरकट होतो. पण ठरावीक जागी गोल ठिपका उमटत नाही. म्हणजे पुढच्या काचेला मी उगाच घासत होते.

व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, डाग दिसत नव्हता. माझा कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर आहे. त्यात व्ह्यूफाइंडरकडे जाणारा प्रकाश आरशावरून वर वळतो, फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कचरा फोटोत येत नाही आणि फोटोतला डाग व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून संशय सेन्सरवर यायला हवा होता. तो आला नाही, कारण मधेच मी एक चाचणी केली आणि तिनेच मला भलतीकडे नेलं.

एका संध्याकाळी घरात बसून मी लेन्स बदलली. किनाऱ्यावर वापरली होती ती झूम लेन्स काढून ५० मिलिमीटरची लावली, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. डाग गायब! दोनदा, तीनदा काढला, तरी नाही. मग काय, दोष झूम लेन्सचाच, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. लेन्सच्या आत बुरशी लागली की काय, या धास्तीने मला त्या रात्री झोप आली नाही. दमट हवेत बंद पिशवीत पडून राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते आणि काचेवरचा मुलामा खाते. तो मुलामा परत येत नाही.

लेन्स एका जाणत्या दुरुस्तीकारांकडे नेली. त्यांनी मागून विजेरीचा झोत टाकला, लेन्स तिरकी करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "ताई, बुरशी नाहीये. आत थोडी धूळ आहे, ती कुठल्याही वापरलेल्या लेन्समध्ये असते. तुमचा डाग लेन्सचा वाटत नाही मला." मी माझी चाचणी सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "दोन्ही फोटो सारखेच काढले होते ना?" मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, कारण दोन्ही वेळेला कॅमेरा एक, हात एक आणि समोर मोकळी जागा होती. त्यांनी माझ्या आग्रहाखातर लेन्स साफ करून दिली. घरी येऊन खिडकीतून आकाशाचा पहिला फोटो काढला. डाग होता तिथेच होता.

मग त्यांचा तो प्रश्न डोक्यात घोळू लागला. सारखेच काढले होते ना? प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा त्याची माहिती साठवतो: शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता किती ठेवली होती, आणि ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत येण्याचं भोक केवढं होतं. डाग असलेले आणि नसलेले फोटो वेगळे केले आणि ॲपर्चरचा आकडा पाहत गेले. एफचा हा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. डागाचे सगळे फोटो एफ/११ किंवा एफ/१६ ला काढलेले. किनाऱ्यावर भरपूर ऊन आणि जवळच्या खडकापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं, म्हणून ॲपर्चर लहान. आणि घरातली ती भिंत? संध्याकाळचा मंद उजेड म्हणून एफ/१.८. मी एकाच वेळी लेन्सही बदलली होती आणि ॲपर्चरही. दुसऱ्या दिवशी तीच ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१६ ला लावून आकाशाचा फोटो घेतला. डाग त्याच जागी, तसाच.

इथे ॲपर्चरचं काम समजून घेण्यासारखं आहे. आपण सेन्सरवरची धूळ म्हणतो ती खरं तर सेन्सरला चिकटलेली नसते. सेन्सरच्या पुढे फिल्टरची एक काच असते आणि धूळ तिच्यावर बसते, सेन्सरपासून साधारण एखाद्या मिलिमीटरवर. ॲपर्चर मोठं असलं की प्रकाश रुंद खिडकीतून यावा तसा सगळ्या बाजूंनी येतो, कणाला वळसा घालून त्याच्या मागची जागाही उजळवतो, आणि सावली पसरून नाहीशी होते. ॲपर्चर लहान केलं की प्रकाश बारीक भोकातून आल्यासारखा एकाच दिशेने येतो आणि त्याच कणाची सावली लहान, गडद, रेखीव पडते. मोठ्या ट्यूबलाइटखाली बोटाची सावली पुसट पडते आणि एकट्या बारीक दिव्यासमोर ती ठळक पडते, तसंच हे.

हे कळल्यावर डागाला नीट प्रश्न विचारता येऊ लागले. संगणकाच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं, आयएसओ १००, फोकस हाताने अनंतावर, म्हणजे पडदा मुद्दाम धूसर. एक्सपोजर चालू असताना कॅमेरा किंचित हलवत राहिले. पडद्यावरचे कण त्यामुळे मिसळून जातात, पण कॅमेऱ्याच्या आतलं जे काही असेल ते जागचं हलत नाही. एफ/५.६, ८, ११, १६, २२ असे पाच फोटो काढले आणि कॉन्ट्रास्ट पुष्कळ वाढवून पाहिले. एफ/५.६ ला नुसता भास. एफ/११ ला डागाची रुंदी २८ पिक्सेल, एफ/१६ ला २१, एफ/२२ ला १७, आणि दर पायरीला जास्त काळा.

या आकड्यांतून अंतरही निघतं. डागाची अस्पष्ट रुंदी म्हणजे साधारण सेन्सरपासूनचं अंतर भागिले एफचा आकडा, अधिक त्या कणाचा स्वतःचा आकार. माझा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आणि त्यावर आडवे ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल सुमारे ०.००३९ मिलिमीटरचा. एफ/११ आणि एफ/२२ मधला फरक ११ पिक्सेलचा, म्हणजे सुमारे ०.०४३ मिलिमीटर. हिशेब केला तर अंतर एक मिलिमीटरच्या आतबाहेर येतं. हाच डाग लेन्सच्या मागच्या काचेवर, समजा ३० मिलिमीटर लांब असता, तर एफ/१६ ला चारपाचशे पिक्सेलचा पुसट पट्टा दिसला असता. कागदावर हे गणित सुटलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कॅमेरा न उघडता त्याच्या आत कुठे काय बसलंय ते कळलं होतं.

खराब पिक्सेलची शंकाही एकदाची मिटवून घेतली. लेन्सला झाकण लावून तीस सेकंदांचा फोटो काढला. काळ्या फोटोत लाल, निळे, हिरवे थोडे ठिपके चमकले, लांब एक्सपोजरला आणि सेन्सर तापल्यावर असे येतातच. पण माझ्या कोपऱ्यात काही नव्हतं. आणि खराब पिक्सेल ॲपर्चर बदललं म्हणून लहानमोठा होत नाही. उभा फोटो काढताना, कॅमेऱ्याची पकड वरच्या बाजूला असली, की डाग वर डावीकडे जात होता. म्हणजे तो कॅमेऱ्याबरोबर फिरत होता.

आता काढायचा कसा? कॅमेरा सुरू होताना सेन्सरवरची काच थरथरवून धूळ झटकतो. अशी सोय असलेला पहिला डिजिटल एसएलआर म्हणजे २००३ चा ऑलिम्पस ई-१, आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. माझाही रोज थरथरत होता, डाग ढिम्म. मग रबरी हवेचा पंप आणला. बॅटरी पूर्ण भरली, कारण आरसा वर उचललेला असताना बॅटरी संपली तर शटर मधेच बंद होऊन हातातल्या वस्तूवर आपटू शकतं. मेनूमधून सेन्सर सफाईचा पर्याय निवडला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरलं आणि पंपाने हवा मारली. डब्यातली दाबाची हवा वापरायची नाही, तिच्यातला द्रव काचेवर उडतो. तोंडाने फुंकर तर मुळीच नाही. परत फोटो काढला तर आधीचे दोन बारीक कण गेले होते, एक नवा आला होता आणि माझा डाग तसाच.

तेव्हा मी तो एफ/२२ चा फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. धुळीचा कण वेडावाकडा असतो, तंतू असेल तर किड्यासारखा वळलेला. हा अगदी गोल होता, कडा गडद आणि मधोमध फिकट. हा कण नव्हता, थेंब होता. कॅमेऱ्यात आरसा, शटर असे हलणारे भाग असतात आणि त्यांच्या वंगणाचा सूक्ष्म थेंब असा उडू शकतो. तो हवेने जात नाही. तो पुसावाच लागतो.

पुसायचं म्हटल्यावर हात कापत होते. सेन्सरच्या उंचीएवढे, १६ मिलिमीटर रुंद स्वॅब, म्हणजे पुसायच्या मऊ पट्ट्या, आणि त्यासाठीचा द्रव आणला. खोलीतला पंखा बंद केला. डाग नेमका कुठे ते आधी ठरवून घेतलं. लेन्स सेन्सरवर उलटी प्रतिमा पाडते, पण आपण समोरून आत पाहतो. त्यामुळे डावं उजवं तेच राहतं आणि वरखाली तेवढं उलटतं. फोटोत वर उजवीकडे असलेला डाग मला खाली उजवीकडे मिळणार होता. डोळ्यांनी मात्र तिथे काही दिसलं नाही, नुसती हिरवट जांभळी चकाकी.

स्वॅबच्या कडेला दोन थेंब टाकले, ते मुरू दिले. डाव्या कडेवर स्वॅब टेकवला आणि हलक्या, एकसारख्या दाबाने उजवीकडे ओढत नेला, मधे न थांबता, न उचलता. मग तोच स्वॅब, दुसरी बाजू, उजवीकडून डावीकडे. काचेवर ओलावा एक क्षण इंद्रधनुष्यासारखा चमकला आणि कडेपासून आत सरकत उडून गेला. चाचणीचा फोटो काढला. गोल डाग नव्हता, त्याच्या जागी एक फिकट ओरखड्यासारखी रेघ कडेपर्यंत गेलेली. माझ्या पोटात गोळा आला. काचेवर चरा पडला असं वाटलं. दहा मिनिटं काहीच केलं नाही. मग नवा स्वॅब घेतला, वापरलेला पुन्हा कधीच लावायचा नाही, आणि तसाच फिरवला. तो थेंबाचा पसरलेला तेलकटपणाच होता. या वेळी एफ/२२ चा फोटो कॉन्ट्रास्ट वाढवूनही कडेपासून कडेपर्यंत कोरा आला. मी तो कितीतरी वेळ नुसता पाहत बसले.

त्या आठवड्यात पुन्हा किनाऱ्यावर गेले, दोनशेच्या वर फोटो काढले. संगणकावर घेतले आणि नेहमीप्रमाणे एका जुन्या फोटोच्या सगळ्या दुरुस्त्या उचलून नव्यांवर एकदम लावल्या. चाळता चाळता एका फोटोशी थांबले. वर उजवीकडे, लांब, एक घार तरंगत होती आणि तिला डावा पंख नव्हता. पंखाच्या जागी साफ, निळं आकाश.

ते कसं झालं ते लगेच लक्षात आलं. त्या जुन्या फोटोत डाग पुसण्यासाठी मी एक लहान वर्तुळ टाकलं होतं, शेजारच्या आकाशाचा तुकडा त्या जागी आणून बसवणारं. डाग गेला होता, वर्तुळ राहिलं होतं, आणि प्रत्येक नव्या फोटोच्या त्याच कोपऱ्यावर ते निमूटपणे चिकटत होतं. मी वर्तुळावर टिचकी मारून ते काढून टाकलं. पंख परत आला, टोकाला बोटांसारखी फाकलेली पिसं एकेक मोजता येतील इतका स्पष्ट.