सांगलीतल्या अडत दुकानात दोन फायबर एका राउटरवर

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात १०० एमबीपीएसच्या दोन लाइन एकत्र करून दिल्या. मालकांचा पहिलाच प्रश्न: आता २०० मिळणार ना? मिळतात, पण एका डाउनलोडला नाही. राउटर कनेक्शनं वाटतो, एकच कनेक्शन दोन लाइनवर तोडत नाही. एका पीसीवरच्या स्पीडटेस्टमध्येही बहुधा १०० च दिसतात, कारण खालच्या सेटिंगमध्ये एका पीसीची एकाच सर्व्हरकडची सगळी कनेक्शनं एकाच लाइनवर जातात. बरेच पीसी एकदम चालले की मिळून आकडा २०० जवळ जातो. एकाच फाइलला दोन्ही लाइन हव्या असतील तर पलीकडे व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन ओपनएमपीटीसीपीराउटर हे लाइन जोडणारं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. हळदीची बिलं करायला त्याची काही गरज नाही.

राउटर मायक्रोटिक हेक्स. मँगलमध्ये (पॅकेटवर खूण करायचे नियम) पीसीसी, म्हणजे कनेक्शनं लाइनींत वाटायची पद्धत, तेही ‘बोथ अ‍ॅड्रेसेस’ वर (पाठवणारा आणि घेणारा, दोघांच्या आयपीवरून), पहिल्या लाइनला २/० आणि दुसरीला २/१. पोर्टही धरले की एकाच लॉगिनची कनेक्शनं दोन वेगळ्या आयपीवरून जातात आणि बँकेची साइट बाहेर फेकते. राउटरओएस ७ (मायक्रोटिकची सिस्टिम) मध्ये आधी ‘फिब’ टिक करून दोन राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठल्या लाइनने जाईल याची यादी) करायची, प्रत्येक लाइनला एक. प्रत्येकात दुसऱ्या लाइनचा रूटही डिस्टन्स २ ने, म्हणजे राखीव. फास्टट्रॅकचा (पॅकेट शॉर्टकटने पाठवायचा) नियम बंदच ठेवा. ती पॅकेट मँगलला वळसा घालून जातात, मग पानं अर्धीच उघडतात.

खरी गोम फेलओव्हरची, म्हणजे एक लाइन पडली की आपोआप दुसरीवर जाण्याची. ओएनटी (कंपनीचा फायबरचा डबा) राउटर मोडमध्ये असेल तर गेटवे, म्हणजे आपल्या राउटरचा पुढचा टप्पा, तोच डबा. बाहेर फायबर तुटली तरी तो पिंगला (चालू आहेस का, या विचारणेला) उत्तर देत राहतो. म्हणून पिंग बाहेरच्या सर्व्हरला पाठवायचा: १.१.१.१ चा रूट पहिल्या लाइनवरून, ८.८.८.८ चा दुसरीवरून, दोन्हींचा स्कोप १०. डीफॉल्ट रूटचा गेटवे हेच आयपी, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग. पिंग दर १० सेकंदांनी जातो, दोन चुकले की लाइन बदलते. हे दोन आयपी पीसीला डीएनएस (साइटचं नाव शोधून देणारा सर्व्हर) म्हणून देऊ नका. लाइन पडली की तिच्यावर बांधलेला आयपीही तिच्यासोबत जातो. चाचणीला लॅन केबल नको, ओएनटीची फायबरच काढा. चालू व्हिडिओ कॉल तुटणारच, आयपी बदलतो ना.

कंपन्या दोन, पण वायरी एकाच खांबावरून! उसाच्या ट्रेलरने ओढल्या तर दोन्ही जाणार. दुसरी मागच्या गल्लीतून घ्यायला लावली. हेक्सला १२ व्होल्ट डीसी चालतं, त्यामुळे १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर तो चालतो. ओएनटीही बहुधा १२ चेच असतात. तरी लेबलवर व्होल्ट आणि पिनची पोलॅरिटी बघून मगच जोडा.