आमची वाटचाल: शेवटचा कॉलम

कंपन्यांच्या फाइली कुणाला उघड्या आहेत आणि किती दिवस ठेवायच्या, हे तपासून देणं हा आमचा धंदा. आम्ही दोघांनी सुरुवात केली तेव्हा शेअरपॉइंट 2007, म्हणजे फाइली ठेवायची मायक्रोसॉफ्टची प्रणाली, गिऱ्हाइकाच्या कंपनीच्याच सर्व्हरवर चालायची. नवी साइट, म्हणजे एखाद्या गटाची फाइलींची जागा, हवी तर आयटीकडे अर्ज करावा लागे आणि अर्जावर ती सांभाळणाऱ्या मालकाचं नाव असे. मग 2011 मध्ये ऑफिस 365 आलं, 2017 मध्ये टीम्स हे गटांनी चॅट आणि काम करायचं ॲप. ज्याच्या मनात येईल तो टीम उघडू लागला. प्रत्येक टीममागे एक साइट, प्रत्येक प्रायव्हेट चॅनेलमागे आणखी एक. अर्ज गेला, त्याबरोबर मालकही गेला. आमचं काम वाढलं ते तिथून. मधली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही.

माझे भागीदार पॉवरशेलमधले, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्क्रिप्ट लिहायच्या भाषेतले, पक्के. त्यांची स्क्रिप्ट आम्ही आजही चालवतो. वरच्या साइटची परमिशन खाली न चालता वेगळी कुठे दिली गेली, कंपनीबाहेरचे सोडून सगळ्यांना उघडी अशी लायब्ररी (साइटमधला फाइलींचा कप्पा) कोणती, लिंक हाती पडेल त्याला उघडेल अशा लिंक किती, कुठल्या टीमला मालकच उरला नाही, हे सगळं ती एका एक्सेलमध्ये ओतते. एका लायब्ररीत 50,000 पर्यंत स्वतंत्र परमिशन चालतात. मायक्रोसॉफ्टचा सल्ला मात्र 5,000 च्या आत राहण्याचा. तपासायला बसलं की हा सल्ला कुणी वाचलेला नसतो, हे कळतं. त्या शीटचा शेवटचा कॉलम स्क्रिप्ट भरत नाही. ‘ही फाइल ठेवायची की नाही, हे कोण सांगणार?’ तो माणसांना विचारून हातानेच भरायचा. वेळ खातो तो हाच.

त्याच कॉलमापायी आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. एका कंपनीने त्यांना रंगीत डॅशबोर्ड दाखवला आणि कुणाला काही न विचारता सगळं आवरून देतो म्हणून सांगितलं. त्यांच्या प्रस्तावात आमची चेकलिस्ट जशीच्या तशी होती, मुद्द्यांच्या क्रमांकांसकट. बैठकीत आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. त्यानंतर पगार लांबले, दोन मुलं सोडून गेली, त्यातला एक थेट त्याच कंपनीत. भागीदारांनी घरची ठेव मोडली नसती तर हे पान लिहायला आम्ही नसतो.

पुढे त्या मंडळींनी सगळ्या साइटवर एकच रिटेन्शन पॉलिसी लावली: शेवटच्या बदलानंतर सात वर्षांनी फाइल नष्ट. डॅशबोर्ड हिरवा झाला. आता या धंद्यातल्या कुणालाही विचारा, ज्या फाइलला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही ती कोणती? करार. सही झाल्यावर त्यात बदल कशाला होईल? आणि करार दहा वर्षांचा असेल तर सातव्या वर्षी तो जिवंतच असतो. फाइली मुकाट्याने रिसायकल बिनमध्ये गेल्या आणि तिथून परत मिळवायचे 93 दिवसही उलटून गेले. खरेदी विभागाला जुना करार हवा झाला तेव्हा आम्हाला फोन आला.

बचावलं ते एकाच लायब्ररीतलं, कायदा विभागाच्या. तिथल्या रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी आमच्या पहिल्या तपासणीच्या वेळीच लायब्ररीला डिफॉल्ट रिटेन्शन लेबल, म्हणजे तिथल्या प्रत्येक फाइलला आपोआप लागणारी ‘इतके दिवस ठेवा’ अशी खूण, लावून घेतलं होतं, मुदत करार संपल्यापासून मोजायची. ठेवा आणि नष्ट करा या दोन आज्ञांची टक्कर झाली की ‘ठेवा’ जिंकते, हा पर्व्ह्यूचा, म्हणजे फाइली ठेवण्या-काढण्याचे नियम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाचा, नियम बाईंना पाठ होता. तपासणीत आमचा शेवटचा कॉलम स्वतः बसून भरणाऱ्या त्या एकट्याच. वाईट दिवसांत छोटी छोटी कामं आमच्याकडे पाठवत राहिल्या त्याही त्याच.

ते गिऱ्हाईक आता परत आमच्याकडे आहे. त्या कंपनीच्या सादरीकरणात मात्र या गिऱ्हाइकाचा लोगो ‘यशस्वी प्रकल्प’ या शीर्षकाखाली अजून झळकतो.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. 2023 च्या अखेरीस कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस आला तेव्हापासून ‘आमच्या फाइली त्याला कशा दिसतात?’ असे घाबरे फोन येतात. त्याला तेच दिसतं जे विचारणाऱ्या माणसाला आधीपासून उघडं आहे. पगाराची शीट वर्षानुवर्षं सगळ्यांना उघडी होती, कुणी शोधली नव्हती इतकंच. तेव्हा कोपायलटचे परवाने घेण्याआधी सगळ्यांना उघड्या असलेल्या साइट बघून घ्या. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या वनड्राइव्हचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइलींच्या जागेचं, काय, हेही ठरवा. खातं काढल्यावर ते मुळात 30 दिवसच राहतं आणि चॅटमधून पाठवलेल्या फाइलीही तिथेच पडलेल्या असतात. आणि तपासणीला कुणालाही बोलवा, पण ‘तुमच्या माणसांचा वेळ लागणार नाही’ असं म्हणणाऱ्याला आधी करारांची लायब्ररी दाखवा आणि मुदत कुठल्या तारखेपासून मोजणार ते विचारा.