माग भंगारात घालण्याआधी व्हाइट ओककडे बघा

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबागेत साधा माग काढायचा म्हटलं की किलोवर भाव ठरतो आणि बिडाचा सांगाडा टेंपोत चढतो. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोला, असलेच जुने धोट्याचे (शटलचे) माग बंद पडलेल्या गिरणीत पुन्हा डेनिम विणू लागले. ते कसं जमलं, हे आपल्या मागवाल्यांनी नीट समजून घ्यावं असं फार वाटतं.

कोन बंधूंची व्हाइट ओक गिरणी 1905 साली सुरू झाली. 1915 पासून ती लिव्हाय या जीन्स कंपनीला डेनिम पुरवत होती. पुढे धोट्याशिवाय चालणारे शटललेस माग आले आणि एकेका मागावर कितीतरी पट कापड निघू लागलं. मेक्सिको आणि आशियातलं कापड स्वस्त पडू लागलं, 2005 मध्ये कापडाच्या आयातीवरचा कोटा उठला. 31 डिसेंबर 2017 ला गिरणी बंद झाली. तिथले ड्रेपर कंपनीचे बरेच एक्स-3 जातीचे धोट्याचे माग लुइझियानात विकले गेले. मोजके मात्र जागेवर राहिले आणि प्रॉक्सिमिटी मॅन्युफॅक्चरिंग नावाच्या लहान कंपनीने त्याच आवारात ते परत चालू केले.

या कापडाला गिऱ्हाईक आहे ते काठामुळे. धोटा परत फिरतो तेव्हा बाणा, म्हणजे आडवं सूत, न तुटता वळतो, म्हणून काठ बंद राहतो. शटललेस मागावर दर पिकाला (बाण्याच्या प्रत्येक फेरीला) सूत कापलं जातं आणि कडेला झालर सुटते. आपल्या साडीचा काठ असाच बंद असतो, म्हणून त्याचं आपल्याला अप्रूप नाही. जीन्सवाले मात्र पायाची घडी उलटून तोच काठ मिरवतात आणि त्याचे जास्त पैसे मोजतात. पन्हा 30 इंचांच्या आसपास असल्यामुळे एका पँटला साठ इंची कापडाच्या जवळपास दुप्पट लांबी लागते. दर ठरवताना हे धरलंच पाहिजे.

मग साडीच्या मागावर डेनिम निघेल का? आहे तशा मागावर नाही. डेनिमच्या तिरक्या विणीला, म्हणजे 3/1 ट्विलला, ताण्याची (उभी) सुतं वर-खाली करणाऱ्या निदान चार चौकटी (हेल्ड फ्रेम) लागतात, आणि साध्या विणीचा टॅपेट, म्हणजे त्या हलवणारा कॅम, दोनच चालवतो. म्हणजे टॅपेट बदला, नाहीतर जास्त चौकटी चालवणारी डॉबी बसवा. त्याहून अवघड काम ठोक्याचं. सात नंबरचं जाड सूत दाबून बसवायला ताणा फार ताठ लागतो. बीमवरच्या (ताणा गुंडाळलेल्या रुळावरच्या) दोर-वजनाचा ताण कमी पडला की प्रत्येक ठोक्याला कापडच फणीबरोबर पुढे सरकतं, पिकं बसत नाहीत आणि माग हादरायला लागतो. नुसतं वजन वाढवलं तर हलक्या सांगाड्याचे बेअरिंग झिजतात.

धोट्यातल्या सुताच्या कांडीचाही हिशेब करून बघा. 30 ग्रॅम सूत मावणारी कांडी धरली, तर सात नंबरचं सूत साधारण 355 मीटर भरतं. 30-32 इंच पन्ह्यात त्याची सुमारे साडेचारशे पिकं होतात. इंचाला 40 पिकं धरली तर सव्वाअकरा इंच कापड. मिनिटाला 150 पिकांनी चालणारा माग ती कांडी साधारण तीन मिनिटांत संपवतो! चार माग सांभाळणाऱ्या विणकराला दर पाऊण मिनिटाला एक कांडी बदलावी लागेल. ड्रेपरच्या मागाला कांड्यांची फिरती बॅटरी असते, ती चालत्या मागात कांडी बदलते. हे माग परत लावणं परवडायला या बॅटरीची मदतच झाली असणार.

रंगाच्या भानगडीत लहान कारखान्याने पडू नये. इंडिगोत, म्हणजे डेनिमच्या निळ्या रंगात, सुताचा दोर बुडवून हवेत धरायचा, पुन्हा बुडवायचा, असं सहा-आठ वेळा करावं लागतं. रंग सुताच्या गाभ्यात शिरत नाही, म्हणूनच जीन्स विटते. इंडिगो विरघळवणाऱ्या हायड्रोसल्फाइट किंवा कॉस्टिकचं प्रमाण जरा चुकलं की छटा बदलते आणि अख्खा बीम वाया जातो. रंगवलेला तयार बीम घ्यावा.

राहिले सुटे भाग. ड्रेपरचा अमेरिकेत होपडेलला असलेला कारखाना बंद होऊन चार दशकं उलटली, त्यामुळे असे माग चालवणारे एक माग खोलून दुसऱ्याला भाग लावतात. म्हणून सगळे माग एकदम विकू नयेत. दहातले दोन ठेवा. विकणाऱ्या मागांचेही टॅपेट, गिअर, पिकिंग शाफ्ट (धोटा फेकणारा दांडा), धोट्याच्या पेट्या काढून घ्या, आणि कोणता भाग कुठल्या मेकच्या मागाचा ते रंगाने लिहा. बिडाचं ओतकाम आपल्याला उद्यमबागेत हाताशी आहे, ही फार मोठी सोय. फक्त तुटलेला गिअर तसाच साच्यात दाबून नवा ओतू नका. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं आणि दात जुन्या गिअरशी जुळत नाहीत. आकसमाप (आकसण्याइतकं वाढीव माप) धरून लाकडी पॅटर्न करून घ्या, आणि तो पॅटर्न फाउंड्रीत न ठेवता आपल्याकडे घेऊन या.