गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी शोधताना

इंजिन सुरू झाले की स्पीकरमधून एक बारीक शिट्टी येऊ लागते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेल्या गाड्यांत ही तक्रार नेहमीची आहे आणि तिच्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे बाजारातून नॉइज फिल्टर आणून मध्ये जोडणे. माझे मत याच्या अगदी उलट आहे. आवाज कोणत्या जागेतून आत शिरतो हे कळल्याशिवाय एक रुपयाचीही वस्तू विकत घेऊ नये, कारण फिल्टरने बहुधा दोष दबतो, जात नाही.

आधी नीट ऐकावे. इंजिन बंद असतानाही एकसारखा ‘स्स्स’ असा आवाज येत असेल, तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राचा, संबंध नाही; बहुतेक वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा हे ठरवणारे नियंत्रण, गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो. इंजिनाच्या गतीबरोबर टकटक वाढत असेल, तर संशय इग्निशनकडे जातो. शिट्टी असेल, तर व्हॉल्यूम शून्यावर आणून पाहावे. शिट्टी तेवढीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या नियंत्रणानंतर, म्हणजे हेड युनिटच्या (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमच्या) आउटपुटपासून पुढे कुठेतरी शिरते आहे; व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त झाली, तर दोष त्याच्या आधी आहे. फोनला चार्जर आणि ऑक्सची वायर एकाच वेळी जोडल्यावरच शिट्टी येत असेल, तर चार्जर काढून पाहावा, उत्तर तिथल्या तिथे मिळते.

यानंतर साखळी तोडून पाहायची. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या आरसीए केबल, म्हणजे हेड युनिटकडून संगीताचा सिग्नल आणणाऱ्या वायरी, काढाव्यात, इनपुटमध्ये आतली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना जोडलेले प्लग घालावेत आणि मग इंजिन सुरू करावे. शांतता झाली, तर अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याचा वीजपुरवठा निर्दोष आहे, दोष केबलमध्ये किंवा हेड युनिटच्या बाजूला आहे. मग केबल परत लावून दुसऱ्या टोकाला, हेड युनिटऐवजी, बॅटरीवर चालणारा छोटा प्लेयर जोडावा. आता आवाज स्वच्छ आला, तर हेड युनिट आणि त्याचे अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायरचा गाडीच्या बॉडीशी असलेला जोड, तपासायचे. शिट्टी कायम राहिली, तर केबल कुठून नेली आहे ते पाहायचे. जाड पॉवर वायरला चिकटून गेलेली केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, आणि दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तिथे काटकोनात ओलांडाव्यात.

तरीही सर्वाधिक वेळा शोध येऊन थांबतो तो अर्थिंगपाशी, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अल्टरनेटर मुळात तीन फेजची एसी वीज निर्माण करतो, डायोड तिची डीसी करतात, पण थोडी लहर मागे उरते आणि तिची वारंवारता इंजिनाच्या गतीबरोबर बदलते. गाडीची बॉडी हीच परतीची वायर असल्यामुळे डिकीतल्या आणि डॅशबोर्डमागच्या अर्थच्या जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक राहतो. अ‍ॅम्प्लिफायर एका जागी आणि हेड युनिट दुसऱ्या जागी अर्थ केलेले असले, की आरसीए केबलचे बाहेरचे आवरण या दोन जागा जोडते, त्यातून तो प्रवाह वाहू लागतो आणि संगीताच्या नाजूक सिग्नलमध्ये मिसळतो. हाच ग्राउंड लूप.

म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थचा बोल्ट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. वरून घट्ट दिसणाऱ्या थिंबलखाली (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली) कितीदा तरी रंगाचा थर तसाच असतो, वॉशरची कडा गंजलेली असते आणि धातूला धातू जेमतेम एका कडेला टेकलेला असतो. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग घासावा. वायर शक्य तितकी आखूड, साधारण 45 सेंटिमीटरच्या आत, आणि पॉझिटिव्ह वायरइतकीच जाड असावी. मग इंजिन आणि गाणी सुरू ठेवून अ‍ॅम्प्लिफायरच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरवर डीसी व्होल्टेज मोजावे. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर बॅटरीपासून बॉडीला जाणारी पट्टीसुद्धा तपासावी.

गेनबद्दल थोडे. ते आवाज वाढवण्याचे बटण नव्हे, हेड युनिटच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्याचे साधन आहे. हेड युनिट 4 व्होल्ट देत असेल, तर गेन बराच खाली ठेवता येतो आणि वाटेत शिरलेला गोंगाटही कमी वाढतो.

सिग्नलच्या वाटेत बसवून ग्राउंड लूप तोडणाऱ्या ग्राउंड लूप आयसोलेटरला माझा शेवटचा क्रमांक आहे, कारण त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर स्वस्तातला असला तर खालचे सूर पातळ होतात. त्याआधी अल्टरनेटरही तपासावा. चालू इंजिनावर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एसी व्होल्टेज मोजल्यास ते सहसा काही दहा मिलिव्होल्ट असते, मात्र काही स्वस्त मीटर डीसीलाच एसी समजून मोठा आकडा दाखवतात, तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून त्याच रेंजवर वाचन घ्यावे. बंद इंजिनावर शून्य आणि चालू इंजिनावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास वाचन आले, तर डायोड खराब असण्याची शक्यता दाट आहे, आणि मग गाडी ऑडिओवाल्याकडे न नेता ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.