मुख्य लॉट खचला त्या मंगळवारी

मंगळवारी पहाटे सिक्युरिटी सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, मेन लॉट गेला."

"गेला म्हणजे?"

मेन लॉट म्हणजे कॅम्पसवरचं गाड्या लावायचं मुख्य मैदान. त्याखालून जाणारी पाण्याची मोठी लाइन रात्रीत फुटली होती. मधलं डांबर खचलं होतं आणि रात्रभर तिथेच राहिलेली कुणाची तरी गाडी मागच्या चाकांनिशी खड्ड्यात बसली होती. बाजूचं डांबरही कधी बसेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही गेटांना साखळ्या लावल्या होत्या. "लोकं यायला लागतील साडेसातपासून. काय सांगायचं?"

मी विद्यापीठाच्या वाहतूक कक्षात काम करते. नाव भारदस्त आहे, पण कामाचा मोठा भाग म्हणजे पार्किंगच्या तक्रारी वाचणं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे एकेकाळचे अध्यक्ष क्लार्क केर १९६३ मध्ये गमतीने म्हणाले होते की, विद्यापीठ म्हणजे पार्किंगच्या सामायिक तक्रारीने एकत्र बांधलेले प्राध्यापक. माझा इनबॉक्स त्यांनी पाहिला असता तर त्यांना यात गंमत वाटली नसती. त्यातून मंगळवार हा आठवड्यातला सर्वांत भरगच्च दिवस. आणि त्याच गुरुवारी बांधकाम समितीपुढे बहुमजली पार्किंगचा प्रस्ताव मंजुरीला येणार होता. जागा पुरत नाही हे सगळ्यांना इतकं मान्य होतं की त्यावर चर्चा होईल असं कुणाला वाटतच नव्हतं.

सात वाजायच्या आत सगळ्यांना मेसेज गेला: मुख्य लॉट बंद आहे, जमेल त्यांनी बसने, सायकलने किंवा कुणाबरोबर या, घरून काम होण्यासारखं असेल तर विभागप्रमुखांना विचारा. अभ्याससहलींसाठी राखून ठेवलेल्या दोन बस मागवून स्टेशन ते कॅम्पस अशा सोडल्या. एरवी आमची शटल पाऊण तासाला एक असते. ती चुकली की चालत जाणं परवडतं, म्हणून तिच्या वाटेला फारसं कुणी जात नाही. त्या दिवशी दर दहा-पंधरा मिनिटांनी बस सुटत होती.

मग मी गेटवर जाऊन उभी राहिले.

पहिला तास वाईट गेला. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी गाडी अगदी माझ्या पायाशी आणून थांबवली, काच खाली केली आणि विंडशील्डवरच्या स्टिकरवर बोट ठेवलं. "हे काय आहे? वर्षाचे पैसे भरलेत मी." त्यांच्यामागे रांग रस्त्यापर्यंत गेली होती. मी म्हटलं, "सर, क्रीडांगणामागच्या लॉटमध्ये जागा आहे." ते म्हणाले, "तिथून चालत यायचं?" तिथून त्यांचा विभाग आठ-नऊ मिनिटांवर आहे. काच वर गेली. गाडी मात्र क्रीडांगणाकडेच वळली.

साडेनऊपर्यंत रांग ओसरली. दहाला मी क्रीडांगणामागे चक्कर मारून आले, तर तिथे शेवटच्या दोन रांगा मोकळ्या होत्या. कॅम्पसवरचा सर्वांत मोठा लॉट बंद, आठवड्यातला सर्वांत गर्दीचा दिवस, आणि तरी जागा शिल्लक! सुपरवायझर माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, मग रोज फुल-फुल करत होते ते काय?"

याचं अर्धं उत्तर मला आधीपासून ठाऊक होतं. लॉट साधारण ८५ टक्क्यांच्या वर भरला की मोकळी जागा शोधायला फेऱ्या माराव्या लागतात, आणि फेऱ्या मारणाऱ्याच्या लेखी लॉट फुल झालेला असतो. शिवाय 'फुल' म्हणजे दारासमोरचं फुल. मागच्या लॉटची मोजणी आम्ही वर्षानुवर्षं अहवालात देत होतो, पण परिशिष्टात. ते पान कुणी उघडत नाही. पण उरलेलं अर्धं मलाही ठाऊक नव्हतं. गाड्या नुसत्या मागे सरकल्या नव्हत्या, बऱ्याचशा आल्याच नव्हत्या. आणि हजेरी तर नेहमीसारखी होती.

म्हणून वही घेऊन मी विभागाविभागांतून फिरले. प्रश्न एकच: आज कसे आलात?

ग्रंथालयातल्या तिघी एकाच गाडीतून आल्या होत्या. मुख्य लॉटमध्ये कित्येक वर्षं शेजारी-शेजारी गाड्या लावणाऱ्या या बायका एकाच रस्त्यावर राहतात, हे त्यांना सकाळच्या ग्रुपवरच्या गोंधळात कळलं. एक तरुण व्याख्याता म्हणाला, माझं लेक्चर बाराला असतं, मी साडेआठला येतो ते फक्त जागा मिळावी म्हणून. आज अकराला आलो, घरी पेपर तपासून झाले. लेखा विभागातले एक गृहस्थ सायकलवर आले होते. घर जेमतेम चार किलोमीटरवर. शर्ट पाठीला चिकटलेला, आणि त्यांचा मला उलट प्रश्न, "मॅडम, या एवढ्या मोठ्या कॅम्पसवर माणसाला अंग धुवायला एक जागा आहे का?" खेळाडूंसाठी आहे. कुलूप असतं तिला.

पण त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळालं. तिथल्या सहायक ताई बसने आल्या होत्या. बस त्यांच्या घरासमोरून सुटते. विद्यापीठ त्यांना सवलतीचा पासही देतं. मग रोज गाडी का? काचेचं सामान पुसता पुसताच त्या म्हणाल्या, "यायला-जायला बस ठीक आहे हो. पण दुपारी शाळेतून फोन आला की मुलीला ताप आहे, घेऊन जा, तर? मी गाडी येण्या-जाण्यासाठी आणत नाही. त्या फोनसाठी आणते."

तो फोन वर्षातून किती वेळा येतो, असं मी विचारलं. त्यांनी आठवून पाहिलं. गेल्या वर्षी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

म्हणजे वर्षात एखादा फोन येईल न येईल, त्यासाठी एक गाडी रोज सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत उभी राहते. यावर उपाय जुना आहे. अनेक ठिकाणी तो 'हमीचा परतीचा प्रवास' अशा काहीशा नावाने चालतो. गाडी न आणणाऱ्याला अडीअडचणीच्या वेळी संस्था आपल्या खर्चाने टॅक्सी करून देते. ऐकणाऱ्याला वाटतं, लोक याचा फायदा उपटतील. प्रत्यक्षात जिथे जिथे ही सोय आहे तिथे ती फार थोडे वापरतात. ती आहे, एवढंच लोकांना पुरतं. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं असणं आणि त्या ताईंच्या तोंडून ऐकणं यात फरक पडला, एवढं खरं.

गुरुवारी समितीत मी ती वही घेऊनच गेले.

अभियंत्यांनी नकाशे लावले. इमारत देखणी होती. मी विचारलं, एका गाडीमागे किती क्षेत्र? गाडीची चौकट बारा-तेरा चौरस मीटरची, पण रॅम्प आणि वळायची वाट धरली तर पंचवीस ते तीस. माझं ऑफिस त्याहून लहान आहे, आणि त्यात आम्ही तिघं बसतो. हा मुद्दा मिनिट्समध्ये आला नाही.

खरा वाद पैशांवरून झाला. वित्त अधिकारी म्हणाले, इमारतीचं कर्ज पार्किंग पासाच्या उत्पन्नातून फिटेल. मी म्हटलं, मग पुढची वीस-पंचवीस वर्षं गाड्या याव्यात अशी आपल्यालाच प्रार्थना करावी लागेल. आज लोकांना बसकडे वळवणं आपल्या फायद्याचं आहे. इमारत बांधली की बसने येणारा प्रत्येक माणूस म्हणजे एक बुडालेला हप्ता. इथे पहिल्यांदा खोलीत शांतता झाली. वित्त अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

मग कुलसचिवांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हे दुसरीकडे कुणी करून दाखवलंय का?" याची तयारी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाला तिथल्या सांता क्लारा काउंटीने २००० मध्ये बांधकामाची परवानगी देताना अट घातली होती की, गर्दीच्या वेळच्या गाड्यांची संख्या वाढता कामा नये. त्यांनी पार्किंग सोडणाऱ्यांना चक्क पैसे दिले, बससेवा वाढवली, आणि एकट्याने गाडी चालवत येणाऱ्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण पुढच्या दीडेक दशकात सत्तर टक्क्यांच्या वरून पन्नासच्या आसपास आणलं. वॉशिंग्टन विद्यापीठाचा सियाटलमधला यू-पास, म्हणजे विद्यापीठाच्या लोकांसाठीचा बस-रेल्वेचा पास, १९९१ पासून चालू आहे. आणि पार्किंगचं अर्थशास्त्र ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते डोनाल्ड शूप. कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये कायदा झाला की, काही ठरावीक कंपन्यांनी फुकट पार्किंग देताना ते नाकारणाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. शूप यांनी अशा आठ ठिकाणांचा अभ्यास केला, तेव्हा एकटे गाडी आणणारे ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले होते. कुणावर बंदी नव्हती की दंड नव्हता. नुसती निवड पुढे ठेवली होती.

"पण आपल्याकडे तर पार्किंग फुकट नाही," विभागप्रमुखांपैकी एक म्हणाले. "पास आहे की."

पास होता, आणि माझ्या मते खरी ग्यानबाची मेख तिथेच होती. वर्षाचे पैसे एकदा भरले की त्यानंतर प्रत्येक दिवसाचं पार्किंग फुकटच. उलट जितकी जास्त गाडी आणाल तितका पास वसूल. बसने आलेला दिवस म्हणजे वाया गेलेले पैसे. अमेरिकेतल्या एमआयटीने २०१६ मध्ये नेमकं हेच उलटं केलं. वार्षिक परवान्याऐवजी ज्या दिवशी गाडी आणाल त्या दिवसाचे पैसे, आणि बस-मेट्रो कर्मचाऱ्यांना मोफत. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण यामुळे 'गाडीवाला की बसवाला' असा कायमचा निर्णय घ्यावा लागत नाही. रोज सकाळी नव्याने ठरवता येतं. आठवड्यातून दोन दिवस बसने येणारा माणूस वार्षिक पासाच्या हिशेबात कुठेच नसतो. आणि लॉट मोकळा करणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो. पार्किंग 'कायमचं सोडा' म्हटलं की कुणीही बिथरेल, मीही बिथरेन.

इमारत रद्द झाली नाही. प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकलला आणि तोवर मला प्रयोग करायला परवानगी मिळाली, "अधिक खर्च न करता" या शेऱ्यासह. तो शेरा कुणी लिहिला हे मला माहीत आहे.

मुख्य लॉटची दुरुस्ती दोन आठवडे चालली, आणि खरं सांगायचं तर ती आणखी लांबली असती तर मला वाईट वाटलं नसतं. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला होता. काही स्थानकं बंद राहिल्याने लोकांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. अर्थतज्ज्ञांनी नंतर तिकीट-कार्डांची माहिती तपासली, तर जवळपास पाच टक्के लोक संप मिटल्यावरही जुन्या मार्गाकडे परतले नव्हते. म्हणजे हे लोक वर्षानुवर्षं स्वतःला कमी सोयीच्या मार्गाने जात होते आणि संपाने ते उघडं पाडलं. आमच्याकडे तेच झालं. लॉट उघडल्यावर बहुतेक जण परतले. ग्रंथालयातल्या तिघी परतल्या नाहीत. बाराच्या लेक्चरवाला व्याख्याताही साडेआठला दिसेनासा झाला.

रोजच्या दराची पद्धत पुढच्या सत्रापासून आली. वर्षभरात एकूण आकारणी जुन्या पासाच्या रकमेवर जाणार नाही अशी मर्यादा घातली, त्यामुळे विरोधाची हवा निघाली. रोज गाडी आणणाऱ्याचं नुकसान शून्य, एक दिवस न आणणाऱ्याचा फायदा. परतीच्या टॅक्सीची सोय केली. खेळाडूंच्या न्हाणीघराचं कुलूप निघालं, त्याला मात्र इमारतीच्या नकाशापेक्षा जास्त पत्रव्यवहार लागला. शटल वीस मिनिटांवर आणली. कारपूलचं अॅप सपशेल आपटलं. अनोळखी माणसाच्या गाडीत बसायला कुणी राजी नव्हतं. विभागांतर्गत, ओळखीपाळखीतून जुळलेली टोळकी मात्र टिकली, म्हणून आता आम्ही अॅप सोडून विभागाच्या नोटीस बोर्डावर नकाशा लावतो आणि ज्याला हवं तो आपल्या घराजवळ टाचणी टोचतो.

रसायनशास्त्राच्या त्या ताई बहुतेक दिवस बसने येतात. टॅक्सी त्यांनी एकदाच मागवली.

सगळ्यात अवघड भाग अजून संपलेला नाही. दारासमोरची पहिली रांग पदानुसार राखीव होती, नावाच्या पाट्यांसह. आणि क्रीडांगणामागच्या शेवटच्या रांगेत कोण लावत होतं? पहाटे साडेपाचला येणारे सफाई कर्मचारी, रात्रपाळीचे प्रयोगशाळा सेवक. ज्यांच्या वेळेला बस नाही, शटल नाही, शेअर करायला दुसरी गाडी नाही, त्यांनाच अंधारात सर्वांत लांब चालायचं. लोकांना गाडी सोडायला सांगायचं तर ज्यांना ती सोडणं शक्यच नाही त्यांना चांगली जागा द्यायला हवी, असं मी म्हटलं तेव्हा मान सगळ्यांनी डोलावली, पाटी काढायला कुणी तयार होईना. अखेर कुलसचिवांनी स्वतःची पाटी आधी काढली. आता सहाच्या आत येणाऱ्यांसाठी पुढच्या पंधरा जागा आहेत. दोन विभागप्रमुखांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे आणि तिच्यावर सुनावणी व्हायची आहे. पहिली बस पाऊण तास आधी सोडा, असं पत्र मी परिवहन खात्याला दिलंय. त्यांचं उत्तर येईपर्यंत ती रांग सफाई कर्मचाऱ्यांचीच राहील.